घरबसल्या कार्डिॲक रिहॅब : दाराची कडी काढण्यापासून सुरुवात

स्टेंट टाकून घरी आले त्याला दीड वर्ष होत आलं. निघताना दवाखान्यातून मिळालेल्या फाइलीत गोळ्यांचा कागद होता, पथ्याचा कागद होता आणि अगदी तळाला एक ओळ होती : ‘कार्डिॲक रिहॅब सुरू करावे.’ ते काय असतं, कुठे असतं, कोण करून घेतं, काहीच नाही. मी ५९ वर्षांची, नाशिकच्या इंदिरानगरात राहणारी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. अर्धवट लिहिलेलं उदाहरण मला सहन होत नाही, म्हणून शोधत गेले. आता ओळखीत कुणाची अँजिओ किंवा बायपास झाली की फोन मला येतो. तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

आधी मोजक्यात. रिहॅब म्हणजे हृदयाच्या दुखण्यानंतर माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करण्याचा, साधारण १२ आठवड्यांचा शिस्तीचा कार्यक्रम. त्यात देखरेखीखाली व्यायाम येतो, खाणं येतं, औषधांची समज येते, तंबाखू-सिगारेट सोडणं येतं आणि मनावरचा ताण येतो. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेचं ऑपरेशन, हार्ट फेल्युअर, या सगळ्यांना त्याचा उपयोग असतो. रिहॅब केलेल्यांना पुन्हा दवाखान्यात भरती होण्याची पाळी कमी येते, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. तब्येत स्थिर असेल तर देखरेखीखाली घरून केलेलं रिहॅबही केंद्रात जाऊन केल्याच्या तोडीचं ठरतं. सुरगाण्याच्या किंवा कळवणच्या माणसाने आठवड्यातून तीनदा नाशिकला यायचं कसं? आणि नाशिकमधल्या माणसाचंही काय, द्वारकेच्या चौकात अर्धा तास अडकलं की बीपी तिथेच वाढतं.

पहिली पायरी : डॉक्टरांची परवानगी, तीही लेखी

‘मला आता बरं वाटतंय’ ही परवानगी नव्हे. डिस्चार्ज कार्ड, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), झाली असेल तर टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि सरळ विचारा, ‘मी घरून व्यायाम केला तर चालेल का? किती जोराचा?’ हृदयाचं पंपिंग फार कमी असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, ठोके अनियमित असतील, अलीकडे चक्कर येऊन पडला असाल, तर पहिले काही आठवडे तरी मॉनिटर लावून, केंद्रात जाऊनच व्यायाम करावा. हे ऐकून हिरमुसू नका. ऑनलाइन वर्ग नंतरही मिळेल.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी तुम्हाला दिली आहे का, आणि ती कधी, किती घ्यायची. दोन, आणि हे खास पुरुषांसाठी : सिल्डेनाफिलसारख्या ‘ताकदीच्या’ गोळ्या घेत असाल तर लाज सोडून डॉक्टरांना सांगा. ती आणि जिभेखालची गोळी एकत्र पोटात गेली तर बीपी धोकादायक इतकं खाली जातं. हे बायको शेजारी बसलेली असताना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

दुसरी पायरी : कार्यक्रम निवडणं

इथे मी फसले. पहिल्यांदा पैसे भरले ते एका ॲपसाठी. नाव घेत नाही. आत निघाले काय, तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. पडद्यावरची पंचविशीतली मुलगी हसत हसत उड्या मारत होती आणि मी स्टेंटला सहा आठवडे झालेली बाई खाली तिच्यासारखं करायला बघत होते. माझं बीपी कुणी विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. दोन दिवसांत बंद केलं.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न असे. शिकवणारा माणूस समोर थेट दिसतो का, की नुसता व्हिडिओ आहे? त्याचं शिक्षण काय? फिजिओथेरपिस्ट हवा, आणि त्याच्यामागे हृदयरोगतज्ज्ञ हवा. एका वेळी पडद्यावर किती पेशंट असतात? नंतर मी धरलेल्या थेट वर्गात आम्ही आठ होतो. तीस असते तर मला कुणी पाहिलंच नसतं. आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत का? मराठीत बोलतात का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न : ‘व्यायाम करताना मला काही झालं तर तुम्ही काय करणार?’ या प्रश्नाला जो गडबडतो त्याच्याकडे जाऊ नका. चांगला कार्यक्रम तुमचा पूर्ण पत्ता, मजला, जवळची खूण, घरातल्या माणसाचा आणि शेजाऱ्याचा नंबर आधी लिहून घेतो आणि मगच पहिला वर्ग लावतो.

तिसरी पायरी : घर लावून घेणं

सामान फार लागत नाही. दंडाला बांधायचं बीपीचं मशीन (मनगटाचं नको), पाठ असलेली, चाकं नसलेली खुर्ची, पायात चपलेऐवजी बूट, पाण्याचा तांब्या, वही-पेन. जमल्यास बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. हलक्या डंबेल्सऐवजी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चालतात. बायपास झालेल्यांनी मात्र त्याही विचारूनच उचलाव्यात.

मोबाइल कुठे ठेवायचा हा प्रश्न क्षुल्लक नाही. पहिल्या दिवशी माझा फोन डायनिंग टेबलावर उताणा होता आणि वर्ग घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना अर्धा तास आमचा पंखा दिसला. फोन कमरेच्या उंचीवर, उभा, सात-आठ फूट लांब, आणि खिडकी तुमच्या समोर; पाठीमागे असली तर तुम्ही नुसती सावली दिसता. डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. घामाघूम झालेला चेहरा आणि पांढरे पडलेले ओठ मॅडमना तिथूनच ओळखायचे असतात.

घरात दुसरं माणूस हवं. आणि दाराची आतली कडी काढून ठेवायची. आम्ही नाशिककर दुपारीसुद्धा कडी घालून बसणारे लोक. पण तुम्ही आत पडलात आणि शेजारी बाहेरून दार वाजवत राहिला तर तुमचा पत्ता लिहून घेतल्याचा उपयोग काय? फक्त लॅच ठेवा आणि एक किल्ली शेजारी द्या. वर्ग सुरू होताना आमच्या मॅडम हजेरीआधी हेच विचारायच्या, ‘कड्या काढल्या का सगळ्यांनी?’

चौथी पायरी : पहिली मोजणी

पहिल्या भेटीत तुमची चाचणी होते. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, हे मोजतात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ह्यांनी टेप लावून अंतर आखलं, मॅडम व्हिडिओ कॉलवर घड्याळ धरून होत्या, आणि मी ३१० मीटरवर थांबले. शाळेच्या मैदानावर दिवसभर पोरांमागे धावलेली बाई मी. रडूच आलं. पण तो आकडा खरा होता, आणि खऱ्या आकड्यावरूनच पुढचं गणित सुटतं. वाढवून सांगू नका, मॅडमवर छाप पाडू नका.

बीपी मोजायचीही रीत आहे. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही लिहायचं. बीपी १८०/११०च्या वर असेल, ताप असेल, किंवा मधुमेह असून साखर ७०च्या खाली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. तुमच्यासाठी डॉक्टरांनी याहून कडक मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची.

मग मनाची चाचणी. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कशात रस वाटला का, नैराश्य आलं का, असे नऊ प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. आपल्याकडे सगळे तिथे ‘नाही’ असं ठोकून देतात. असेल तर असेल म्हणा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतो. हृदयविकारानंतर उदास वाटणं फार जणांना होतं, आणि अशी माणसं गोळ्या चुकवतात, व्यायाम सोडतात. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या इंटरहार्ट या २००४ सालच्या अभ्यासात हार्ट अटॅकशी जोडलेल्या नऊ घटकांमध्ये धूम्रपान आणि कोलेस्टेरॉलच्या रांगेत मानसिक ताणही होता. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं म्हणून तो जात नाही.

व्यायाम : पाढे म्हणत

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं शरीर गरम करायचं, मधे मुख्य व्यायाम, शेवटी पुन्हा पाच-दहा मिनिटं हळूहळू थंड करायचं. शेवटचा भाग लोक टाळतात. जोरात चालून एकदम खुर्चीत बसलात तर रक्त पायात साचतं, बीपी घसरतं आणि घेरी येते.

जोर किती लावायचा? नाडीवर भिस्त ठेवू नका, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असते. कितीही चाललात तरी नाडी ठरावीक आकड्याच्या वर जातच नाही. त्याऐवजी गुनार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० अशी श्रमाची पट्टी वापरतात. ६ म्हणजे नुसतं बसणं, २० म्हणजे जीव जाईल इतकं. आपल्याला साधारण ११ ते १३च्या आसपास राहायचं. मला त्याहून सोपा उपाय सापडला : चालता चालता तेराचा पाढा. पाढा म्हणता येतो पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग बरोबर. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही उगाच रेंगाळताय. ‘तेरा चोक’लाच दम लागला तर हळू व्हा.

निफाड तालुक्यातले एक काका आमच्या वर्गात होते, द्राक्षबागाईतदार, बायपास झालेले. ते मला ‘बाई’ म्हणायचे आणि पाढ्यावरून चिडवायचे. बायपासमध्ये छातीचं हाड कापून पुन्हा तारेने जोडलेलं असतं. ते जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचं नाही, हाताने रेटा देऊन उठायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी धरायची. काकांना हे पाठ होतं. तरी पाचव्या आठवड्यात मागे कुणीतरी भरलेलं क्रेट ओढताना दिसलं आणि ते सवयीने उठले. पडद्यावरून आम्ही सात जणं एकदम ओरडलो. एवढ्यासाठी तरी थेट वर्ग हवा.

मनाचा भाग

याबद्दल मला सगळ्यांत जास्त शंका होती. सजगता, माइंडफुलनेस, काहीही म्हणा; मला वाटलं, डोळे मिटून बसवणार आणि ‘मन शांत करा’ म्हणणार. माझं मन तेव्हा शांत होण्यातलं नव्हतं. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात मी दोनदा रात्री इमर्जन्सीत जाऊन आले, दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. दिवसा तर निराळीच सवय जडली होती : भाजी चिरता चिरता विळीवरून हात काढायचा आणि मनगट धरून नाडी मोजायची. टीव्ही बघताना, देवपूजा करताना, फोनवर बोलतानाही.

समुपदेशक ताईंनी मला मन शांत करायला सांगितलंच नाही. म्हणाल्या, ‘तुम्ही गणिताच्या ना? मग हात मनगटाकडे गेला की वहीत एक रेघ मारा. थांबवू नका, फक्त मोजा.’ पहिल्या दिवशी ४१ रेघा झाल्या. मला स्वतःची लाज वाटली आणि मग हसू आलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की हात जायच्या आधी पोट आवळतं, घसा कोरडा होतो. आधी छातीत बारीकशी कळ, मग ‘आता पुन्हा आलं’ हा विचार, मग आवळलेलं पोट, मग हात. आजवर हे सगळं मला एकच वाटायचं, एकच मोठा गोळा. त्याचे चार तुकडे दिसायला लागले. आठव्या आठवड्यात रेघा सहावर आल्या.

हीच या प्रकारातली खरी शिकवण, असं माझं मत. कळ वेगळी आणि भीती वेगळी, हे बघता येणं.

यात नवं फारसं नाही, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. इगतपुरीची धम्मगिरी आपल्याच जिल्ह्यात; तिथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेतल्याच गोष्टी घेऊन दवाखान्यातल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला, आणि आजचे बरेच कार्यक्रम त्यावरून निघालेले आहेत. पण अटॅकनंतर लगेच दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन बसू नका. पहाटे चारला उठणं, तासन्‌तास बैठक, मौन, घरचं माणूस जवळ नाही. डॉक्टरांना आणि शिबिरवाल्यांना आजार सांगून, पुढे कधीतरी.

घरी करायचं ते एवढंच. खुर्चीत पाठ ताठ, पाय जमिनीवर, रोज दहा मिनिटं. श्वास आत जातो, बाहेर येतो, त्याच्याकडे लक्ष. मन लग्नाच्या आहेरात किंवा लाइटबिलात गेलं की ‘गेलं’ एवढं म्हणून परत यायचं. शंभरदा गेलं तर शंभरदा परत यायचं. न जाणं हे ध्येय नाही. काही हृदयरुग्णांना श्वासाकडे, छातीकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. मलाही व्हायचं. त्यांनी लक्ष तळपायांवर न्यावं, किंवा बाहेरच्या आवाजांवर. रात्री आडवं पडून पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत एकेका अवयवावरून लक्ष फिरवायचं, हा दुसरा प्रकार. त्यात मी घोट्याच्या पुढे क्वचितच पोहोचते, आधीच झोप लागते. श्वास रोखून धरायचा नाही. कुंभक, कपालभाती, भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

निफाडच्या काकांचं निराळं. त्यांचा ताण छातीत नव्हता, आभाळात होता. काढणीच्या तोंडावर अवकाळीचा अंदाज आला की ते वर्गात बसून खिडकीबाहेर बघायचे. ताईंनी विचारलं, ‘काका, आत्ता काय दिसतंय?’ ‘आभाळ.’ ‘आणि डोक्यात?’ काकांनी मग बँकेचा हप्ता, औषधांची उधारी, व्यापाऱ्याचा भाव, मुलीचं शिक्षण असं सगळं एका दमात सांगितलं. ताई म्हणाल्या, ‘आभाळ बघायचं तेव्हा आभाळ बघा. हिशोब करायचा तेव्हा वही घेऊन करा, संध्याकाळी सहा ते साडेसहा.’ काका सहाला वही घेऊन बसायला लागले. पाऊस पडायचा तो पडलाच. झोप मात्र लागायला लागली, असं ते सांगायचे.

या ध्यानाने ब्लॉकेज विरघळत नाहीत, हेही स्पष्ट सांगते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये म्हटलं ते असंच : ध्यान औषधोपचाराच्या जोडीला चालेल, त्याऐवजी नाही. आपल्याकडे योगावर आधारित रिहॅबचा मोठा अभ्यास झाला, २४ रुग्णालयांत, अटॅक येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढचे अटॅक आणि मृत्यू यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, पण लोकांना आपली तब्येत बरी वाटू लागली आणि आधीची रोजची कामं ते अधिक प्रमाणात करू लागले. मला तेवढं पुरेसं वाटतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

छातीत दुखलं तर

इथे सजगता बाजूला ठेवा. छातीवर दाब, जबड्यात, हातात, पाठीत कळ, थंड घाम, घेरी, एकाएकी दम लागणं यातलं काहीही झालं तर व्यायाम थांबवा, खाली बसा, जिभेखालची गोळी दिली असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेवा. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा वाढत गेलं, तर १०८. गोळी दिलेलीच नसेल तर वाट न बघता १०८. ‘ही भीतीच असेल, श्वासाकडे लक्ष देऊन बघू’ असं कधीही करायचं नाही. बायकांमध्ये लक्षणं अनेकदा आडवळणाने येतात, नुसतं मळमळणं, पाठ भरून येणं, विचित्र थकवा. माझ्या वेळी दीड दिवस सगळे ॲसिडिटीच म्हणत होते, मीसुद्धा. माझ्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, उगाच आले तर? ते म्हणाले, ‘दहादा उगाच या. अकराव्यांदा न येण्यापेक्षा बरं.’

आणि ग्रुपवर फिरतं ते जोरजोरात खोकून अटॅक थांबवण्याचं प्रकरण खोटं आहे. आलं-लसूण-लिंबाच्या रसाने ब्लॉकेज निघण्याचंही. पुढे पाठवू नका.

बाकीचं

खाण्याबद्दल आहारतज्ज्ञ सांगतीलच. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापड-चिवडा सगळं आलं. रविवारची मिसळ मी सोडली नाही. महिन्यातून एकदा, तर्री न घेता, आणि पावाऐवजी जास्तीची मटकी. मिसळवाला नाराज होतो, होऊ दे.

मैदानावर चालायला जायची परवानगी मिळाली की कृषीनगरचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान सपाट आहे, बसायला जागा आहे, माणसं असतात. पांडवलेण्याच्या पायऱ्या लगेच नकोत. हिवाळ्यात पहाटे जायची हौस आवरा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार येतो. निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत उन्हं अंगावर आल्यावर, कानटोपी घालून जा. जेवणानंतर दीड-दोन तास व्यायाम नको.

घरच्यांना वर्गात एकदा तरी बसवा. ह्यांनी सुरुवातीला मला पाण्याचा पेला उचलू दिला नाही, आणि त्याच वेळी ‘पोळ्या तेवढ्या तू कर, तुझ्या हातच्या मऊ होतात’ असंही चालू होतं. मॅडमनी त्यांच्यासमोर यादीच वाचली, कुठल्या आठवड्यात काय उचलायचं, काय नाही. त्यात पोळ्या होत्या, पण चार जणांच्या, आणि गहू दळून आणणं नव्हतं. दळण तेव्हापासून ह्यांच्याकडे आहे.

बाराव्या आठवड्यात पुन्हा पार्किंगमध्ये टेप लागली. ३९५ मीटर. वर्ग संपला तरी व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं चालूच ठेवायचा असतो, म्हणून आम्ही आठातले पाच जण अजून सकाळी साडेसातला कॉलवर भेटतो, मॅडमशिवाय. हजेरी निफाडचे काका घेतात. आधी विचारतात, ‘बाई, कडी काढली का?’